'जीर्ण' हा शेरा

आमच्या वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा आहे. पुस्तक आलं की दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, पानं, किंमत हे सगळं पहिल्याच दिवशी भरलं जातं. शेऱ्याचा रकाना तेवढा कोरा राहतो. तो भरतात पुस्तक जाताना. कधी 'गहाळ', कधी 'सभासदाकडून हरवले, किंमत वसूल' आणि सगळ्यांत जास्त वेळा 'जीर्ण, बाद'. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी गेली 22 वर्षं मी देवघेवीच्या टेबलावर बसते आहे. हा शेरा माझ्या अक्षरात किती पानांवर असेल, ते मोजायचं धाडस मला होत नाही.

गेल्या वर्षी श्रावणात बाद करायची पुस्तकं काढून ठेवली होती. कार्यकारिणीचा ठराव झाला की ती रद्दीत जायची. त्याच दिवशी आमचे बाइंडर काका मासिकांचे अंक बांधायला न्यायला आले. टेबलावरच्या ढिगातलं वरचं पुस्तक त्यांनी सहज उचललं. पाठ पूर्ण सुटलेली, पुठ्ठा लोंबत होता. त्यांनी पानं अंगठ्याखालून सोडली, एका पानाचा कोपरा हलकेच दुमडून पाहिला, पुस्तक नाकाशी नेलं. म्हणाले, "ताई, हे कशाला टाकताय? पोटातली पानं चांगली आहेत. पाठ तेवढी गेलीय. पाठ बांधता येते."

मग आम्ही दोघं सतरंजीवर बसलो आणि सबंध ढीग एकेक करून पाहिला. संध्याकाळपर्यंत त्याचे तीन ढीग झाले. पहिल्यात कागदच संपलेली पुस्तकं. कोपरा दुमडला की बिस्किटासारखा तुटत होता. दुसऱ्यात कसरीने नाहीतर वाळवीने चाळण केलेली. आणि तिसऱ्यात पाठ तुटलेली, टेप मारून चिकटवलेली, सुतळीने कापलेली, ओल लागून फुगलेली. हा तिसरा ढीग बाकीच्या दोन्हींहून उंच होता. वयाने गेलेली पुस्तकं सर्वांत थोडी. बाकीची आमच्या हातून गेली होती, आणि आम्ही मात्र सगळ्यांच्या नावापुढे म्हातारपण लिहून मोकळे झालो होतो.

त्या संध्याकाळपासून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. आपल्या सार्वजनिक ग्रंथालयांत पुस्तक विकत घेण्याची व्यवस्था आहे, देण्याची आहे, मोजण्याची तर फारच काटेकोर आहे, सांभाळण्याची नाही. ती हवी असेल तर ग्रंथालयांच्या अनुदानात बांधणी आणि निगा यांच्यासाठी वेगळा, दुसरीकडे वळवता न येणारा हिस्सा हवा, आणि तपासणीत पुस्तकांच्या संख्येबरोबर त्यांच्या अवस्थेचीही नोंद व्हायला हवी.

महाराष्ट्राने 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. आज राज्यात शासनमान्य ग्रंथालयं 11-12 हजारांच्या घरात आहेत. त्याच्याही किती आधीपासून इथे वाचनालयं उभी राहिली: रत्नागिरीचं 1828 मध्ये, नाशिकचं 1840 मध्ये, पुण्याचं 1848 मध्ये, कोल्हापूरचं 1850 मध्ये. लोकांनी वर्गण्या काढून, घरची पुस्तकं देऊन ही घरं वसवली. एवढा मोठा ठेवा ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांना तो कसा हाताळायचा हे कुणी बसवून शिकवलेलं नसतं. मलाही नव्हतं. ग्रंथपालनाच्या अभ्यासक्रमात वर्गीकरण, तालिकीकरण पुष्कळ झालं. जतनाचा धडा परीक्षेपुरता होता. पुस्तक शेल्फातून कसं काढायचं, हे मला वयाच्या चाळिशीनंतर बाइंडर काकांनी शिकवलं.

ते इथे सांगितलंच पाहिजे, कारण पुस्तकाचं मरण बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं. आपण पुस्तक काढतो ते पाठीच्या वरच्या टोकात बोट अडकवून, मागे ओढून. पुस्तकं खच्चून भरलेली असली की आणखी जोर लावतो. सगळा ताण येतो तो अर्ध्या इंचाच्या कापडावर. वीस-पंचवीस वेळा असं झालं की वरचं टोक फाटतं, मग पाठीची पट्टी सुटते, आतला दोरा उघडा पडतो आणि फर्मे, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या जुड्या, हलायला लागतात. त्याऐवजी शेजारची दोन पुस्तकं बोटभर आत ढकलायची आणि हवं ते पाठीच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी धरून बाहेर घ्यायचं. एवढंच. याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. शेल्फावर बोट जाईल इतकी मोकळी जागा मात्र लागते, आणि ती नसते, कारण नवी पुस्तकं येत राहतात, कपाटं तेवढीच राहतात.

फार सैल ठेवलं तरी वाईट. तिरकं उभं राहिलेलं पुस्तक आपल्याच वजनाने वाकतं. जाडजूड कोश, मोठ्या आकाराचे चरित्रग्रंथ उभे ठेवले की पानांचा गठ्ठा पुठ्ठ्यातून खाली ओढला जातो. ते आडवेच ठेवायला हवेत, आणि तेही दोन-तीनच एकावर एक. इमारतीचं काम निघालं म्हणून पुस्तकं हलवायची झाली की सुतळीने करकचून गठ्ठे बांधतात. वरच्या आणि खालच्या पुस्तकाच्या कडांना सुतळीचे चर कायमचे पडतात. खोकी लागतात त्याला, किराणा दुकानातली रिकामी खोकीही चालतात, पण त्या वेळी सगळे घाईत असतात.

आणि टेप. या एका वस्तूने आमच्या वाचनालयाचं जेवढं नुकसान केलं तेवढं उंदरांनी केलं नसेल. फाटलेलं पान पाहून सभासद सद्भावनेने चिकटपट्टी लावून आणतात, आम्हीही लावत होतो. वर्ष-दोन वर्षं बरी दिसते. मग तिचा डिंक कागदात उतरतो, पिवळा होतो, तपकिरी होतो, वरचा प्लास्टिकचा पापुद्रा सुकून गळून पडतो आणि तेवढ्या ओळींवर कधीही न जाणारा डाग राहतो. काका फाटलेल्या पानाला पातळ कागदाची पट्टी लावतात, मैद्याच्या खळीने. ती खळ ओलावा देऊन पुन्हा सोडवता येते. जे सोडवता येत नाही ते पुस्तकाला लावायचं नाही, असा त्यांचा नियम आहे, आणि माझ्या मते सगळ्या ग्रंथालयांनी तो भिंतीवर लावावा.

जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिक एक श्लोक लिहून ठेवत असत:

तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा, मूर्खाच्या हाती देऊ नका, असं पुस्तक सांगतं. ज्याने बोरू झिजवून शेकडो पानं उतरवली त्या माणसाचा हा जीव तुटणं आहे. आमच्या तिसऱ्या ढिगातलं एकही पुस्तक या यादीबाहेर नव्हतं. तेलाचे डाग होते, पाण्याचे होते, दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकूही पहिल्या पानावर सांडून कायमचं बसलं होतं. (सरस्वतीची पूजा जरूर करावी, कुंकू पाटीवर वाहावं, पुस्तकावर वाहू नये.)

श्लोकाच्या शेवटच्या भागाचा अर्थ मात्र आपल्याकडच्या अनेक कार्यकारिणींनी भलताच लावला आहे. पुस्तकं वाचवायची म्हणजे कुलपात घालायची, असा. दुर्मिळ ग्रंथांचं एक कपाट प्रत्येक जुन्या वाचनालयात असतं. त्याची किल्ली कुणाकडे तरी असते आणि ते कपाट पाहुणे आले की उघडतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यातला पहिलाच आहे की ग्रंथ उपयोगासाठी असतात. तो आपण 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाच्या भाषणात म्हणतो आणि सभा संपली की किल्ली खिशात घालतो.

वापराच्या बाजूने मी बोलते ती केवळ तत्त्व म्हणून नव्हे. आमचं दुर्मिळचं लोखंडी कपाट एका वर्षी मे अखेरीस बंद झालं ते नवरात्राच्या सुमारास उघडलं. दार उघडताच जो वास आला तो अजून नाकात आहे. कापडी पाठींवर पांढुरकी लव होती, हात लावला की पावडरीसारखी उडत होती. गुळगुळीत कागदावरची चित्रं असलेली पानं एकमेकांना चिकटली होती. एक सोडवायला गेलो तर चित्राचा थर समोरच्या पानावर निघून गेला. आणि त्याच खोलीत, समोरच्या उघड्या मांडणीवर, रोज लोकांच्या हाती जाणाऱ्या कादंबऱ्या मळक्या होत्या, कोपऱ्याला झिजल्या होत्या, पण बुरशीचा ठिपका नव्हता. कारण साधं आहे. हवेतली आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला धरायला वेळ लागत नाही, आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये ती 85-90 असते. उघड्या मांडणीवर निदान वारा फिरतो, पुस्तक उचललं जातं, चाळलं जातं, पुसलं जातं. बंद लोखंडी कपाटात ओल शिरते आणि तिथेच बसून राहते. भिंतीला टेकलेलं कपाट असेल तर भिंतीची ओलही त्यातच.

म्हणून कपाट भिंतीपासून किमान तीन-चार इंच पुढे, सगळ्यांत खालचा कप्पा जमिनीपासून सहा इंच वर, पाठीमागे हवा खेळेल अशी जागा. दुर्मिळ पुस्तकं जाळीच्या दाराच्या कपाटात ठेवली तर कुलूपही राहतं आणि वाराही राहतो. वाळवीची मातीची रेघ भिंतीवरून कपाटाकडे निघालेली दिसते ती याच तीन-चार इंचांच्या फटीत, आणि दिसली तर वेळेत थांबवता येते. कपाट भिंतीला चिकटलेलं असेल तर ती आत पोचल्यावरच कळतं. आम्हाला तसंच कळलं होतं. बाहेरून शाबूत दिसणारी एक रांग होती. पहिलं पुस्तक हातात घेतलं तर पुठ्ठा हाती आला आणि आतून माती सांडली.

डांबरगोळ्यांवर माझा विश्वास राहिलेला नाही. त्या उडून जातात, उघड्या मांडणीवर तर आठवड्यातच निकामी होतात, आणि त्यांचा वास दिवसभर घेतो तो तिथे बसणारा माणूस. कसर धरते ती मुख्यतः खळीला आणि धुळीला. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत, ते याच अनुभवातून. धूळ वेळेवर झटकली, भिंतीच्या भेगा बुजवल्या, खाऊचे डबे वाचनकक्षाबाहेर ठेवले तर निम्मं काम होतं. ज्या पुस्तकात जिवंत कीड दिसते ते आधी वेगळं काढायचं. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजमध्ये उणे 18-20 अंशांवर दोनेक आठवडे ठेवलं तर कीड मरते, विष फवारावं लागत नाही. गावातल्या आइस्क्रीमच्या दुकानदाराने आम्हाला एक कप्पा दिला होता. त्याचे मी मनापासून आभार मानते.

आता पहिल्या ढिगाकडे, ज्याला खरोखर जीर्ण म्हणता येईल. इथेही थोडं थांबायला हवं. पूर्वी कागद चिंध्यांपासून व्हायचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला आणि शाई फुटू नये म्हणून त्याच्यात राळ आणि तुरटी मिसळायला लागले. त्यातून कागदात आम्ल तयार होतं आणि ते आतल्या आत धागे तोडत राहतं. उष्ण, दमट हवेत हे काम झपाट्याने होतं. म्हणून पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तरातले अडीचशे वर्षांपूर्वीचे कागद बांधणीचे कापडी रुमाल सोडून हाताळता येतात, आणि 1940 साली छापलेली कादंबरी मात्र चाळताना तुकड्यातुकड्यांनी गळते. महायुद्धाच्या टंचाईत तर मिळेल त्या कागदावर छपाई झाली. म्हणजे मराठीतला छापील वाङ्मयाचा ऐन बहराचा काळ सर्वांत कच्च्या कागदावर आहे. हे पुस्तक आज ना उद्या जाणारच, असं म्हणून हात झटकता येत नाहीत. ऊन लागू दिलं नाही, ओल लागू दिली नाही, पाठीवर ताण येऊ दिला नाही तर त्याला आणखी 30-40 वर्षं मिळू शकतात, आणि तेवढ्या काळात त्याची चांगली प्रतिमा घेता येते.

यावर मला नेहमी ऐकावं लागतं की आता सगळं स्कॅन होतंय, कागद जपायची गरज काय? स्कॅनिंग व्हायलाच हवं, मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. पण स्कॅन करायला पुस्तक सपाट उघडावं लागतं. तुटक्या कागदाचं, आवळून शिवलेलं पुस्तक काचेवर दाबलं की ते त्या दिवशीच संपतं. आमच्याकडच्या एका शतकजुन्या मासिकाचे खंड एका खासगी यंत्रणेने स्कॅन करून परत केले, ते पोत्यातून. पाठी उलट्या मोडलेल्या होत्या. आम्हाला मिळालेल्या फाइलींत कित्येक पानांचा शिवणीकडचा मजकूर कापलेला होता. मूळ प्रतही गेली, प्रतिमाही अर्धवट. आधी दुरुस्ती, मग स्कॅन, आणि मूळ प्रत पुन्हा शेल्फावर, हा क्रम ठरलेला असायला हवा.

शिवाय काय स्कॅन होतं? नावाजलेली पुस्तकं. 1954 च्या कायद्याने प्रकाशकांना प्रती कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांत पाठवाव्या लागतात, त्यामुळे त्यानंतरची मोठ्या प्रकाशकांची पुस्तकं कुठेतरी असण्याची शक्यता तरी आहे. आमच्या शेल्फावर जे आहे ते वेगळं आहे. गावच्याच छापखान्यात छापलेली कीर्तनाख्यानं, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, एका खोताने लिहिलेला भातशेतीचा अनुभव, बंदरावरच्या व्यापाऱ्यांच्या मंडळाचे अहवाल. यांची दुसरी प्रत कुठे असेल असं मला वाटत नाही. दिवाळी अंकांचंही तेच. 1909 च्या 'मनोरंजन'पासून आपण दिवाळी अंकांची परंपरा अभिमानाने सांगतो, आणि वर्ष सरलं की तेच अंक निम्म्या किमतीत विकतो, उरलेले रद्दीत देतो. स्टेपलच्या तारांना गंज चढून मधली पानं सुटलेली असतात, तेव्हा 'जीर्ण' लिहायला सोपंही जातं.

पुराचं वेगळं बोलायला हवं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. 26 जुलै 2005 ला आणि पुन्हा 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं आणि दोन्ही वेळा या वाचनालयाने पुस्तकं गमावली. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीत तेच केलं. पुरासमोर माणूस थिटा आहे, हे मान्य. पण पुरानंतरचे पहिले दोन दिवस आपल्या हातातले असतात आणि नेमके तेच आपण घालवतो. भिजलेल्या पुस्तकांवर साधारण 48 तासांत बुरशी धरू लागते. इतकी पुस्तकं तेवढ्या वेळात वाळवणं शक्यच नसतं. म्हणून ती गोठवायची, म्हणजे बुरशी थांबते आणि मग महिना-दोन महिन्यांत सावकाश, थोडीथोडी काढून वाळवता येतात. 1966 साली इटलीत फ्लोरेन्सला पूर आला, लाखो ग्रंथ चिखलात गेले, त्यानंतरच्या वर्षांत ही पद्धत जगभर रुजली. कोकणात शीतगृहांची वाण नाही. मासळीच्या धंद्यासाठी बंदराबंदराला बर्फाचे कारखाने आणि कोल्ड स्टोरेज आहेत. पूरप्रवण गावातल्या प्रत्येक वाचनालयाने मे महिन्यातच जवळच्या एखाद्या शीतगृहाशी लेखी बोलणं करून ठेवायला काय हरकत आहे? जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात एक ओळ वाढवायची आहे. भिजलेलं पुस्तक उघडायचं नाही, चिखल पुसत बसायचं नाही, बंद आहे तसं पिशवीत घालून पाठवायचं, एवढं चार स्वयंसेवकांना आधी सांगून ठेवायचं. आणि दाखल नोंदवहीची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवायची. नोंदवहीच वाहून गेली तर काय काय गेलं तेही कळत नाही.

हे सगळं करणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. ड वर्गाच्या, म्हणजे सगळ्यांत लहान वर्गातल्या, वाचनालयात एकच माणूस असतो. त्याचं मानधन किराण्यालाही पुरत नाही. त्याने वाचनालय उघडायचं, झाडायचं, वर्तमानपत्रं लावायची, देवघेव करायची, अनुदानाचे कागद भरायचे आणि शिवाय पुस्तकांची निगा राखायची, असं म्हणायला मला संकोच वाटतो. म्हणूनच मी हे सेवाभावावर सोडायला तयार नाही. वाचनालयाचा वर्ग ठरताना पुस्तकांची संख्या मोजली जाते. त्यामुळे संख्या टिकवण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. दुरुस्त करण्याजोगी पुस्तकं बाद होतात आणि त्यांच्या जागी नवी, बऱ्याचदा कुणी न मागितलेली, येतात; संख्या शाबूत राहते. दुसरीकडे पार गेलेली, आसपासच्या पुस्तकांना बुरशी लावणारी पुस्तकं संख्या घटेल या भीतीने शेल्फावर तशीच राहतात. बांधणीचं बिल 'इतर खर्चा'त, वीज, भाडं, स्टेशनरी यांच्याबरोबर रांगेत उभं असतं आणि रांगेत ते नेहमी शेवटी असतं. बाइंडर काकांचे पैसे आम्ही एकदा सात महिने थकवले. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. त्यांचा मुलगा या धंद्यात आला नाही, याचं मला नवल वाटत नाही.

ग्रंथखरेदीच्या रकमेतला निदान पाचवा हिस्सा बांधणीला राखीव ठेवा, असं मी म्हणते. एका नव्या कादंबरीच्या किमतीत दोन-तीन जुनी पुस्तकं पुन्हा उभी राहतात. तालुक्याला एक बाइंडर शासनाच्या दरपत्रकावर घ्या, त्याला वर्षभराचं काम द्या. पुस्तकं टिकतील आणि एक कारागिरीही टिकेल. निरीक्षक तपासणीला येतात तेव्हा नोंदवहीतून कुठलीही पन्नास पुस्तकं काढायला सांगून त्यांची अवस्था लिहून घ्या. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ग्रंथ दत्तक देण्याची योजना राबवली, देणगीदाराच्या पैशातून एकेका ग्रंथाचं जतन झालं. लहान गावात हे आणखी सोपं आहे, कारण आजोबांनी दिलेलं पुस्तक नातवाला दाखवता येतं. प्रकाशकांकडेही मागणं आहे. नुसत्या गरम डिंकावर चिकटवलेलं पुस्तक घरात पाच वर्षं टिकेल, वाचनालयात पाच महिन्यांत त्याची पानं हातात येतात. ग्रंथालयांसाठी जुजबंदीने शिवलेल्या थोड्या प्रती काढा, आम्ही जास्त किंमत देऊ.

जैन समाजात कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी पाळतात. पावसाळा संपलेला असतो, हवा कोरडी झालेली असते. ज्ञानभांडारं उघडतात, पोथ्या बाहेर काढतात, वारा देतात, पुसतात, नवे वेष्टन घालतात. शेकडो वर्षांची हस्तलिखितं आज हाती आहेत ती या शिस्तीमुळे. दिवस किती विचारपूर्वक निवडला आहे, ते माझ्यासारख्या दमट गावातल्या माणसाला चटकन कळतं. सार्वजनिक वाचनालयांनीही दिवाळीनंतरचा एक आठवडा देवघेव बंद ठेवून याच कामाला द्यावा, सभासदांना हाताशी घेऊन. आम्ही गेल्या वर्षी तीन दिवस केलं. प्रत्येक कप्पा रिकामा केला, कोरड्या फडक्याने पुसला, पुस्तकं व्हरांड्यात सावलीत उभी करून पानं थोडी पसरून ठेवली. थेट ऊन नाही. उन्हाने कागद पिवळा पडतो आणि पुठ्ठा वाकतो. नववीतल्या मुली मऊ ब्रशने पाठीकडून बाहेरच्या दिशेने धूळ काढत होत्या. त्यातल्या एकीने एका पुस्तकाच्या आतल्या पानावर आपल्या पणजोबांची सही शोधून काढली, 1931 ची. त्यानंतर ती दर शनिवारी येते आणि पुस्तक काढताना आधी शेजारची दोन आत ढकलते. मूर्खहस्ते न दातव्यम् याचा मला कळलेला अर्थ हाच आहे, की हात शहाणे करायचे.

यंदा मी शेऱ्याच्या रकान्यात 'जीर्ण' लिहिणं बंद केलं आहे. जे झालं तेच लिहिते. 'छत गळून भिजले.' 'पाठ ओढून तुटली, फर्मे शाबूत, बांधणीस.' 'टेपमुळे पृ. 14 ते 19 खराब.' कार्यकारिणीच्या मागच्या बैठकीत ठरावासाठी नोंदवही पुढे ठेवली, तेव्हा अध्यक्ष बराच वेळ ते पान वाचत बसले. मग त्यांनी विचारलं, "हे छत कधीपासून गळतंय?" मी सांगितलं, सहा वर्षं. ठराव पुस्तकं बाद करण्याचा होता. तो मागे ठेवून आधी कौलांचा झाला.